सोढीसाहेबांच्या विमानातले मूग

सावरगव्हाणचा देवमन मूळचा झेंडेवाला नव्हे. मूर्तिजापूरकडच्या त्या गावात त्याचं तीन एकर वावर होतं. त्यात घरापुरती ज्वारी, मूग आणि थोडी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, व्हायची, आणि उरलेले दिवस तो दुसऱ्यांच्या वावरात रोजानं जायचा. चौसष्ट सालच्या पावसाळ्यात गावच्या कास्तकारांनी मिळून कपाशीवर विमानानं औषध मारायचं ठरवलं, तेव्हा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पांढरा झेंडा घेऊन उभा राहणारा माणूस हवा होता. वैमानिकानं त्या झेंड्यावर नेम धरून यायचं, डोक्यावरून निघून जायचं, आणि मग झेंडेवाल्यानं थोडं बाजूला सरकून पुन्हा उभं राहायचं, अशी कामाची रीत. औषध अर्थातच पिकाबरोबर माणसावरही पडणार. हे गावात कळलं आणि ज्यांची वावरं होती त्यांच्यापैकी एकाच्याही घरी झेंडा धरायला कुणी मोकळं निघेना. असली कामं गावात आपोआप वाट शोधत बौद्ध वस्तीकडे येतात, तसं हेही आलं, आणि तिथल्या देवमननं ते घेतलं.

माणिकबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पहिल्या दिवशी त्याच्या तोंडाला ओलं फडकं बांधून दिलं आणि संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याला अंगणातच उभा करून बादल्यांनी धुतला. "मानूस हाय का पऱ्हाटी?" ती म्हणाली. पण देवमनला काम आवडलं होतं. रोज सकाळी कुणीतरी आकाशातून आपल्यावर नेम धरून भरधाव येतं आणि आपण जागचे हलत नाही, हा भरवसा त्याला नवा होता. नवरा-बायकोतही तो सहसा नसतो.

विमान चालवणारे सोढीसाहेब. पंजाबातले सरदारजी, फाळणीत घरदार सोडून आलेले आणि आता बायको-मुलीसह नागपुरात राहणारे. विमान एकाच माणसापुरतं होतं. पुढे औषधाची टाकी, तिच्यामागे बसायची जागा, आणि मागे लांबलचक शेपूट. गावातले मोठे कास्तकार पंजाबराव यांनी आपलं एक पडीक वावर सपाट करून उतरायची पट्टी करून दिली होती आणि साहेबांची राहायची सोयही त्यांच्याच वाड्यात होती. साहेबांचा स्वभाव मोकळा, आवाज मोठा. देवमनला ते 'पार्टनर' म्हणायचे. देवमननं त्याचा अर्थ वस्तीतल्या शेषराव मास्तरांना विचारला. मास्तर म्हणाले, "बरोबरीचा भागीदार." देवमनला वाटलं, मास्तर काहीतरी चुकत असतील.

एका दुपारी वारा सुटला म्हणून फवारणी लवकर थांबली. झेंडा टाकून घरी चाललेल्या देवमनच्या मागोमाग सोढीसाहेब सरळ वस्तीत आले, त्याच्या ओसरीत मांडी घालून बसले आणि म्हणाले, "भूख लगी है, पार्टनर." माणिकबाईनं धुतलेलं ताट पुन्हा घासलं. घरात भाकरी होती, मुगाचं वरण होतं, ठेचा होता. साहेबांनी सगळं खाल्लं, वरण पुन्हा मागून घेतलं, माठातलं पाणी प्यायले आणि पगडी सारखी करत निघून गेले. अर्धी वस्ती कुडाआडून बघत होती. साहेबांच्या लेखी ते एक जेवण होतं, शिखांच्या लंगरात कुणी कुणाशेजारी बसून जेवावं तसं. ते गेल्यावर माणिकबाई त्या ताटाकडे बराच वेळ बघत बसली. गावातल्या एकाही घरचा माणूस आजवर तिच्या हातचं पाणी प्यायला नव्हता, आणि हा तर आकाशातून उतरून आला होता.

मग ते अधूनमधून यायला लागले. मुगाचं वरण त्यांना फार आवडायचं. दिवाळी झाली, फवारणी संपत आली, तेव्हा माणिकबाईनं आपल्याच वावरातले मूग पाखडून, निवडून, उन्हात वाळवून अर्धा मण, म्हणजे अठरा-एकोणीस किलो, बाजूला काढले. एका जुन्या लुगड्याच्या धडप्याची दुहेरी पिशवी शिवली. साहेबांच्या बायकोला हे वरण घरी रांधता येईल, असा तिचा बेत.

साहेब जायचे त्या दिवशी आभाळ सकाळपासूनच गढूळ होतं. दिवाळीनंतरचं ते अवकाळी वातावरण. पूर्वेकडे ढग जमिनीला टेकल्यासारखे दिसत होते. साहेबांचा मेकॅनिक जीपमध्ये दोर, ताडपत्री आणि औषधाची पिंपं घालून आदल्या दिवशीच नागपूरला गेला होता. साहेबांनी आभाळाकडे बघून दोनदा चकरा मारल्या. थांबावं की जावं, असं त्यांच्या मनात चाललेलं दिसत होतं. पाऊस आला असता तर काळ्या मातीच्या त्या पट्टीवर चाकं रुतली असती आणि पुढचे किती दिवस विमान हललं नसतं, कोण जाणे. त्यात पंजाबराव पट्टीच्या काठाला उभे राहून सांगत होते, "साहेब, निघतच असान तं आताच निघा. पानी येऊन राहिलं. आमाले बी इथं हरबरा पेराचा हाय, वापसा निघून जाईन." घरी गुरुपुरब, गुरू नानकांच्या जन्माचा सण, तोही जवळ आलेला होता. ही सगळी कारणं एका ठिकाणी जमली, आणि साहेबांनी निघायचं ठरवलं.

देवमन पिशवी खांद्यावर घेऊन आला. साहेबांनी आत काय आहे ते विचारलं, ऐकून त्यांचा चेहरा खुलला, आणि मग त्यांनी मान हलवली. "नहीं पार्टनर. वजन होता है." त्यांनी हातानं दाखवलंसुद्धा: पुढची टाकी आज रिकामी आहे, नाक हलकं झालं आहे, आता मागे काही ठेवायचं नाही, पुढे आभाळ खराब आहे, आज किलोभरही जास्त नको. "फिर आऊंगा, तब ले जाऊंगा." त्यांनी देवमनच्या खांद्यावर थाप मारली आणि ते पंजाबरावांशी बोलायला वळले.

देवमनच्या कानांनी 'नको' हा शब्द आयुष्यात फार वेळा ऐकला होता, आणि दर वेळी त्याला एक चांगलं कारण जोडलेलं असायचं. नको, आज उपास आहे. नको, आत्ताच जेवलो. नको, ठेव तिथं, मग घेतो. कारणात कधी खोट काढता यायची नाही. फक्त घरातून नेलेली वस्तू तशीच घरी परत यायची. वस्तीत बसून खाणं वेगळं, त्याला वाटलं. स्वतःच्या घरी, स्वतःच्या बायकोच्या चुलीवर आमचे मूग नेणं वेगळं. वजन हे त्याला त्यातलंच एक कारण वाटलं. आणि निघताना माणिकबाईनं विचारलेलं कानात होतं, "घेतीन ना वो ते?" त्यावर तो मोठ्या ऐटीत म्हणाला होता, "न घ्याले काय झालं?"

वऱ्हाडात नको नको म्हणणाऱ्या पाहुण्याच्या गाडीत हळूच काहीतरी टाकून द्यायची पद्धत आहे. पाहुणा घरी पोचतो, गाडीतून भुसा काढताना त्याला गूळ सापडतो, आणि तो हसून यजमानाला शिव्या घालतो. यात पाप नाही, प्रेम आहे. विमानाच्या शेपटीकडे एक झाकण होतं, आणि त्याच्या आतल्या कप्प्यात मेकॅनिक दोर-ताडपत्री ठेवायचा. तो कप्पा आज रिकामा आहे हे देवमनला माहीत होतं. साहेब पंजाबरावांशी बोलत होते. देवमननं झाकण उघडलं, पिशवी आत सरकवली आणि झाकण लावून टाकलं. त्या क्षणी त्याला जो आनंद झाला तो त्याला पुढे जन्मभर आठवला, आणि आठवला की अंगाला काटा यायचा.

विमान सुटलं. रोज ते पट्टीच्या निम्म्यात शेपूट उचलायचं. त्या दिवशी शेपूट बराच वेळ जमिनीलाच राहिली. पट्टीच्या टोकाच्या बाभळी जवळ आल्या तरी चाकं सुटेनात, आणि सुटली तेव्हा विमान बाभळींच्या शेंड्यांना लागता लागता राहिलं. पंजाबराव म्हणाले, "माती ओली हाय, जड चाललं." देवमनला कप्प्यातली पिशवी आठवली. विमान रेल्वेच्या रुळांकडे वळलं. रूळ धरून बडनेरा, चांदूर, वर्धा करत नागपूरला जायची साहेबांची नेहमीची वाट. थोड्या वेळात ते ढगात दिसेनासं झालं आणि पाऊस आला.

संध्याकाळी मूर्तिजापूर स्टेशनवर तारेनं खबर आली. बडनेरा ओलांडल्यावर चांदूर रेल्वे गावाच्या अलीकडच्या टेकड्यांवर ढग अगदी खाली आले होते. गुराख्यांनी विमानाचा आवाज ऐकला, मग ते ढगातून बाहेर येताना दिसलं, नाक वर करून, जागच्या जागी अडल्यासारखं. आणि मग एका बाजूला कलंडून ते माळावर पडलं. सोढीसाहेब जागच्या जागी गेले होते.

दुसऱ्या दिवशी ओळख पटवायला पंजाबराव आणि देवमन गाडीनं चांदूरला गेले. साहेबांना आधीच अमरावतीच्या इस्पितळात नेलं होतं. माळावर विमान पडलं होतं, पुढचा भाग चेपून आणि शेपूट मोडून वेगळी झालेली. पोलीस लोकांना हटवत होते. पंजाबराव फौजदाराशी बोलत होते तेवढ्यात देवमन मागच्या बाजूला गेला. झाकण उघडून लोंबत होतं. पिशवी फाटली होती आणि ओल्या काळ्या मातीवर, गवतात, गाड्यांच्या चाकोऱ्यांत मूग पसरले होते, हिरवेगार, पावसानं धुऊन निघालेले.

त्यानं आधी पिशवी उचलून सदऱ्यात कोंबली. मग तो मुगांवरून चालायला लागला. कुणी बघत नाही असं पाहून पायाच्या अंगठ्यानं एकेक पुंजका मातीत दाबायचा, वरून चिखल ओढायचा, पुढे जायचा. विमान बघतोय असं सोंग करत त्यानं सगळ्या बाजूनं फिरून हे केलं. हातून काय होतंय हे त्या वेळी त्याला कळत नव्हतं, एवढंच कळत होतं की आपल्या घरचं काही इथं दिसता कामा नये. ज्या माणसानं आपल्याला पार्टनर म्हटलं त्याच्या अंगातलं रक्त अजून त्या मातीत होतं, आणि आपण तिथं पाय घासत आहोत, हे मात्र त्याला कळत होतं. त्याला स्वतःची किळस आली.

घरी आल्यावर त्यानं पिशवी माणिकबाईपुढे टाकली. तिनं ती ओळखली. पाठ भिंतीला टेकून ती खाली बसली. मग म्हणाली, "त्याईनं घेतली होती, का तुमी ठेवली?" देवमन पिशवीवरचा चिखल नखानं काढायला लागला. तिला उत्तर मिळालं.

शेषराव मास्तर वस्तीतले शिकलेले, दीक्षाभूमीवर जाऊन आलेले, सगळ्यांना घेऊन चालणारे. देवमननं त्यांना सगळं सांगितलं आणि म्हणाला की चौकशीला सरकारी साहेब येतील तेव्हा हे सांगून मोकळा होतो. मास्तरांनी दार लावून घेतलं. "काहून सांगशीन?" ते म्हणाले. "तुले मोकळं होयाचं हाय, पन अडकनार कोन? त्याईच्या विमानात आपल्या वस्तीतलं काही सापडलं, एवढं लोकाईच्या कानावर गेलं का मूग कोनी म्हननार नाई. करणी म्हनतीन, जहर म्हनतीन. दीक्षा घेऊन आठ वर्सं झाली, आता कुठं आपले पोट्टे शाळेत समोर बसून राहिले. अन् ढग तं होतेच ना? ढगाईनंच झालं असन. तू काय इंजिनेर हायस?" यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. देवमननं मान हलवली आणि गप्प राहायचं कबूल केलं. तेव्हापासून त्याला अन्न गोड लागेना.

चौकशीचा अधिकारी यायला आठवडा लागला. तो मुंबईचा, शांत, थकलेला माणूस होता. त्याच्याबरोबर साहेबांची बायको सतवंत कौर आली होती. नवऱ्याचं राहिलेलं सामान न्यायचं होतं आणि ती जागाही बघायची होती. सगळे जीपमधून चांदूरच्या त्या माळावर गेले. विमानाचे तुकडे हलवले होते. जिथं शेपूट पडली होती तिथं जमीन हिरवी झालेली होती.

देवमनला आधी कळेना, मग कळलं. लपवायला म्हणून त्यानं जे मातीत दाबलं होतं ते त्यानं पेरलं होतं. ओली माती, ऊब, आणि वरून हलकासा चिखल, मुगाला आणखी काय लागतं? त्याच्या पावलापावलांवर दोन-दोन पानांची रोपं उभी होती. पडीक माळावर, गवतात, कुणी न पेरलेले मूग. अधिकारी त्यांच्यावर उभा राहून कागदावर काहीतरी आखत होता; त्याला ते गवतच वाटत असावं. पंजाबरावांनी मात्र खाली पाहिलं. ते कास्तकार माणूस, दोन पानांवरून पीक ओळखणारे. त्यांनी रोपं पाहिली, मग देवमनकडे पाहिलं, आणि मग आपला जोडा त्या रोपांवर फिरवला.

गावी परतल्यावर वाड्याच्या बैठकीत जबान्या झाल्या. पंजाबरावांनी सांगितलं की आभाळ बघून आम्ही साहेबांना लय थांबवलं, ते ऐकलेच नाहीत, त्यांना घरची ओढ होती. हरभऱ्याची गोष्ट त्यांनी काढली नाही. मग देवमनला बोलावलं. अधिकाऱ्यानं विचारलं, इंजिनाचा आवाज कसा होता? बरोबर होता. विमानात सामान काय होतं? साहेबांची ट्रंक आणि वळकटी, बसायच्या जागेशेजारी. आणखी काही? देवमननं पंजाबरावांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते.

"नाई जी," देवमन म्हणाला.

बाहेर आल्यावर पंजाबरावांनी त्याला ओसरीवर बसवलं. या वाड्यात देवमनला चहा मिळायचा तो गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेल्या कान तुटलेल्या कपात. कप तो स्वतः धुऊन परत ठेवायचा. त्या दिवशी आतून दोन कपबश्या आल्या, दोन्ही सारख्या, निळ्या काठाच्या. पंजाबरावांनी एक त्याच्या पुढे सरकवली. "घे देवमन," ते हळू आवाजात म्हणाले. "झालं ते झालं. सोढीसाहेबानं घाई केली, आपल्या हातात काय होतं? ढगच तसे होते."

जन्मभर जे व्हावं म्हणून देवमन आतल्या आत कुढत होता ते शेवटी असं झालं. कपातला चहा थंड होईपर्यंत तो बघत राहिला. या कपाची किंमत त्याला लख्ख दिसत होती. पंजाबराव त्याच्याशी बरोबरीनं बसले होते, कारण आता दोघांनी एकच गोष्ट लपवली होती. मग पितो, असं काहीतरी पुटपुटून तो उठला.

ओसरीच्या टोकाला सतवंत कौर उभी होती. पांढरी ओढणी डोक्यावर, डोळे सुजलेले, आवाज मात्र ठाम. विमान जिथून उडालं ती जागा दाखवशील का, असं तिनं हिंदीत विचारलं. दोघं पट्टीकडे गेली. पट्टीवर आता नांगर फिरला होता. देवमननं हातानं दाखवलं, इथून धावलं, तिथून उडालं. बाई थोडा वेळ बाभळींकडे पाहत राहिली, आणि मग, विचारल्यावाचूनच, बोलायला लागली. अधिकाऱ्यानं तिला सांगितलं होतं की हवा खराब असताना घाई करून निघाले, ही वैमानिकाची चूक. चूक त्यांची नव्हती, ती म्हणाली. माझी आहे. मीच निरोप पाठवला होता की गुरुपुरबला या. मुलगी रोज विचारते, या वेळी आला नाहीत तर मी तुमच्याशी बोलणार नाही. "मैंने बुलाया, इसलिए निकले." हे ती रडत सांगत नव्हती. तिनं ते ठरवून टाकलं होतं. देवमनला दिसलं की ही बाई हे घेऊन नागपूरला जाणार, मुलगी मोठी होताना तिच्याकडे बघून हेच आठवणार, आणि म्हातारी होऊन मरताना हेच घेऊन मरणार.

वस्ती, मास्तर, समोरच्या बाकावरची पोरं, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे आलं. बाईकडे त्याला बघवेना.

"बाई," तो म्हणाला, "तुमी बोलावलं म्हनून नाई झालं."

आणि त्यानं सांगितलं. वऱ्हाडीत सांगितलं, अडखळत, मधे मधे हिंदी घालत. हातानं पिशवी केवढी ते दाखवलं, झाकण दाखवलं, शेपूट उचलायला किती उशीर झाला ते दाखवलं. मातीत दाबलेल्या मुगांचंही सांगितलं. बाई ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"उन्होंने मना किया था?"

"हो जी. वजन होते म्हनले."

"फिर भी रखा."

"हो जी."

"क्यों?"

"मले वाटलं," तो म्हणाला, "आमच्या हातचं नको म्हनून नाई म्हनून राहिले."

बाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला खाली बघावं लागलं. तिच्या नवऱ्याला तो ओळखत नव्हता, असं ती म्हणाली. ज्यानं या माणसाच्या घरी बसून खाल्लं त्याच्याबद्दल या माणसानं हा विचार केला. एकदा तोंडानं विचारलं असतं, तर त्यांनी उत्तर दिलं असतं. आणि मग तिनं वाड्याकडे बोट दाखवलं. "अंदर जाकर साहब को बताओ. सब बताओ."

पुढे काय झालं ते इथंच सांगून टाकलेलं बरं. अधिकाऱ्यानं आवरलेली कागदांची बॅग पुन्हा उघडली आणि सगळं लिहून घेतलं. पंजाबराव मधेच म्हणाले की हा माणूस भ्रमलेला आहे. बाईनं त्यांना गप्प केलं. पोलिसांनी देवमनला मूर्तिजापूरला नेऊन ठेवलं आणि मग सोडून दिलं. अहवालात आधी खराब हवा आणि मग मागे ठेवलेलं वजन, अशी कारणं आली. साहेबांच्या घाईबद्दलचं वाक्य त्यातून गळालं. मूगच नसते तर साहेब वाचले असते का, हे कुणालाच नक्की सांगता आलं नाही, आणि देवमनचा खरा छळ त्यातच होता. नक्की कळलं असतं तर तो कदाचित कसाही जगला असता. मास्तर म्हणाले होते तसं बरंचसं झालं. त्या हंगामात वस्तीतल्या बायांना पंजाबरावांच्या वावरात कापूस वेचायला कुणी बोलावलं नाही. करणीची भाषा झाली. मास्तरांनी त्याच्याशी बोलणं सोडलं, आणि वर्षभरानं पुन्हा धरलं, पण पहिल्यासारखं नाही. देवमन पुढे मूर्तिजापूरहून सुटणाऱ्या 'शकुंतला' या छोट्या गाडीच्या लाईनवर रेल्वेच्या कामाला लागला. विमानाचा आवाज आला की सगळे वर बघायचे, तो पायांकडे बघायचा. मूग त्या घरात पुन्हा पेरले गेले नाहीत.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी जबानी देऊन तो घरी आला तेव्हा ऊन कलत होतं. पोलीस उद्या सकाळी येणार होते. माणिकबाई चुलीपाशी होती. गावातून बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. देवमन ओसरीत टेकला, जिथं साहेब बसायचे त्या जागेपासून जरा दूर.

"बाई काय म्हनल्या?" तिनं विचारलं.

"काही नाई. जाताना माह्याकडे पाह्यलं बी नाई."

"माफ नाई केलं?"

"काहून करतीन?" देवमन म्हणाला. मग साहेबांच्या त्या जागेकडे बघत म्हणाला, "पन आता त्या सोताले दोष देनार नाईत."

माणिकबाईनं भाकरी उलटली.

"मंग कोनाले देतीन?"

"मले," देवमन म्हणाला. "वाढ."